पट्ट्यांची भिंत

कुत्र्याला घर मिळालं की त्याच्या गळ्यातला जुना पट्टा सोडायचा, नव्या मालकाने आणलेला पट्टा बांधायचा, जुना दाराजवळच्या भिंतीवर खिळ्याला टांगायचा आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. ही पद्धत थोरलीने भटक्या कुत्र्यांसाठी संस्था काढली त्या दिवसापासूनची. आल्यागेल्याला थोरली कुत्री दाखवत नसे, भिंत दाखवायची. कुत्री मागे पत्र्याखाली होती आणि तिकडे वास यायचा.

पट्टे शिवायची तिची धाकटी बहीण. तिचं कोपऱ्यावर शिवणाचं दुकान. पडद्यांचे उरलेले तुकडे, पँटींच्या कमरेचं कॅनव्हास, कोणाच्या तरी गणवेशाची पट्टी, जे उरेल त्याला दुहेरी टीप मारून ती पट्टे करायची. त्यामुळे भिंतीकडे बघून लोकांचा ऊर भरून यायचा तेव्हा धाकटीला नुसतं कापड दिसायचं. आणि त्या कापडांतली तीन कापडं, निळ्या रेघांचं, मातकट आणि शाळेच्या गणवेशाचं, एकाच मानेवरची आहेत हे तिला पक्कं माहीत होतं.

त्या कुत्र्याचा एक कान मधोमध फाटलेला. धाकटी त्याला फाटक्या म्हणायची. पहिल्यांदा गेला तेव्हा तो सरदार होता. लोकांनी परत आणून सोडला. परत आलेल्या कुत्र्याचा पट्टा भिंतीवरून उतरवायचा नाही ही दुसरी पद्धत, पण ती कोणी तोंडाने बोलत नसे. "गेला होता ना? मग झालं," एवढंच थोरली म्हणायची. आलेल्याला नवं नाव, नवा पट्टा, आणि तो नवा कुत्रा. तसा सरदारचा बटण झाला, बटणचा शहाणा झाला. शहाणाही परत आला.

खोड एकच होती. खाताना कोणी भांड्याला हात लावला की तो हात धरायचा. धरायचा म्हणजे सोडायचा नाही. एरवी गाय. धाकटी त्याला भांडं ठेवायची आणि त्याच्याकडे पाठ करून बसायची. बस, एवढंच त्याला हवं होतं. जगात कोणाला एवढं मागायचा हक्क नसेल तर कठीण आहे.

शनिवारी सकाळी ती त्याला आंघोळ घालत होती. थोरली नळाशी येऊन उभी राहिली.

"छोटे, ह्याला जरा चांगला साबण लाव. आज नेणार आहेत. युवराज नाव ठेवलंय."

"अगं ताई, गेल्या खेपेला शहाणा ठेवलं होतंस. त्याने शहाणपण आलं नाही, राज्याने काय होणार?"

"कुत्सित बोलायची गरज नाही. उद्या परीक्षक बाई यायच्यात. सगळ्या शहरातून एकच संस्था पुरस्काराला निवडणार. खालच्या ओळीत एक खिळा रिकामा आहे, तो नेमका डोळ्यांत येतो."

"खिळा काढून टाक मग."

थोरली हसली नाही. ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिच्या शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागायचा, कारण जी पोरं नापास होतील असं वाटे त्यांच्या बापांना बोलावून ती परीक्षेआधीच शाळा सोडल्याचा दाखला हातात द्यायची. त्या पोरांत एका वर्षी धाकटीचा मुलगा होता. सख्खा भाचा. त्यावरून दोघी बहिणी बरीच वर्षं बोलत नव्हत्या. आता बोलत होत्या, कुत्र्यांमुळे.

"नेणारे कोण आहेत?" धाकटीने विचारलं.

"चांगली माणसं आहेत. नवरा-बायको, एक लहान मूल."

धाकटीने नळ बंद केला. "केवढं मूल?"

"रांगतं."

"रांगतं मूल भांड्यात हात घालणार, ताई. त्यांना सांगितलंस?"

"काय सांगू? युवराज आजच झालाय. युवराजने अजून कोणाला काही केलेलं नाही."

हे ती अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाली. इथे कोणालाच पगार नाही, सगळे सेवा करायला येतात. आणि जो फुकट काम करतो त्याला जाब कोण विचारणार? संस्थेची गाडी चालवणारा होता, तो शेजारीच टायरला पाणी मारत होता. त्यानेही ऐकलं आणि दुसऱ्या टायरकडे गेला.

दुपारी ती दोघं आली. बाईच्या कडेवर मूल. नवऱ्याने नवा लाल पट्टा आणला होता, मूल तोच चोखत होतं. थोरली फाटक्याचं कौतुक करत होती, किती शांत, किती समजूतदार. फाटक्याही लबाड, पाठीवर पडून पोट दाखवत होता. मुलाने त्याचा फाटका कान ओढला तरी हूं की चूं नाही.

बोललं तर कुत्र्याचं घर जातं, न बोललं तर पोराचा हात जातो. धाकटीने पोराकडे पाहिलं.

"ह्याच्या खाण्याला हात लावला तर हा चावतो," ती म्हणाली. "तीन घरांतून परत आलाय. खाताना एकटं सोडलं तर काही करत नाही. माझी शपथ. पण रांगत्या मुलाच्या घरात ते जमायचं नाही."

बाई दोन पावलं मागे सरकली. नवऱ्याने थोरलीकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही तर म्हणालात रस्त्यावरून नुकताच आणलाय."

"माझ्या बहिणीचा काहीतरी घोटाळा होतोय," थोरली म्हणाली. "तिची दोन-तीन कुत्र्यांत गल्लत होते."

"कान बघ की," धाकटी म्हणाली. "असा कान दुसरा आणून दाखव."

नवऱ्याने मुलाच्या तोंडातून लाल पट्टा काढला, रुमालाने पुसला आणि खिशात घातला. जाताना बाईने धाकटीचा हात दाबला. थोरली तिथेच उभी होती. ती माणसं गेल्यावर म्हणाली, "झालं समाधान? आता ह्याला कोण नेणार? सगळ्या गावात बोभाटा होईल, चावरा म्हणून."

"राहू दे इथेच. मी येते ना रोज त्याला वाढायला."

"ही धर्मशाळा नाही. इथून कुत्री जायला हवीत."

"मग माझ्या घरी नेते."

"सुनेला विचारलंस?"

धाकटीच्या घरात नातू होता, तोही रांगायच्या वयाचा. जी गोष्ट तिने परक्या बाईला आत्ताच सांगितली होती, तीच स्वतःला कशी नाकारणार?

"मला आठवडाभराचा वेळ दे," ती म्हणाली. "एकटं राहणारं कोणीतरी शोधते. मूलबाळ नसलेलं."

"बघ," थोरली म्हणाली. आवाज मऊ होता. धाकटीला बरं वाटलं. शाळेतही त्या दाखल्याच्या वेळी हाच आवाज होता, हे तिला घरी गेल्यावर आठवायला हवं होतं. आठवलं नाही. ती रात्रभर ओळखीपाळखीच्या एकट्या माणसांची मनात जुळवाजुळव करत राहिली. दुकानाशेजारचा घड्याळजी तिला पसंत पडला. सकाळी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आणा. मलाही जेवताना कोणी बोललेलं चालत नाही."

ती जवळजवळ पळतच संस्थेत आली. पत्र्याखालचा शेवटचा पिंजरा धुतलेला होता. फरशी अजून ओली. भांडं पालथं घातलेलं.

गाडीवाला तिच्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, सकाळी डॉक्टर येऊन गेले. एक सुई. मी धरलं होतं. त्रास नाही झाला त्याला." मग म्हणाला, "खायला घालून मग दिली. मी पाठ करून बसलो होतो, तुमच्यासारखा."

ती पुढच्या दाराकडे गेली. खालच्या ओळीतला रिकामा खिळा भरला होता. त्यावर तिने या आठवड्यात शिवलेला, जाड करड्या कापडाचा पट्टा होता. त्यावर फाटक्याचे केस होते.

परीक्षक बाई आल्या होत्या. त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास. थोरली सांगत होती, "ही आमची भिंत. प्रत्येक पट्टा म्हणजे एक घर."

"अप्रतिम," बाई म्हणाल्या.

धाकटी दोघींच्या मधून भिंतीपाशी गेली. तिने निळ्या रेघांचा पट्टा काढला, मातकट काढला, गणवेशाचा काढला आणि शेवटी करडा. चारही बाईंच्या हातावर ठेवले.

"हे चारही एकाच कुत्र्याचे आहेत," ती म्हणाली. "तीन वेळा लोकांनी परत आणला. चौथ्यांदा आज सकाळी मारला. ह्या करड्यावर त्याचे केस अजून आहेत, बघा."

थोरलीचा चेहरा पांढरा पडला. गाडीवाला दारात थांबला. मागे सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली, कारण त्यांची खायची वेळ झाली होती.

परीक्षक बाईंनी पट्टे उलटसुलट करून पाहिले. टीप पाहिली. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले.

"म्हणजे तीनदा परत येऊनही तुम्ही त्याच्यासाठी पुन्हा घर शोधलंत," त्या थोरलीला म्हणाल्या. "आणि शेवटी त्याला यातनेतून सोडवलंत. हे आधीच का नाही सांगितलं? ह्यालाच तर आम्ही यश म्हणतो."

त्यांनी चारही पट्टे एकाच खिळ्याला नीट अडकवले आणि टाळ्या वाजवल्या. क्षणभर थांबून थोरलीनेही वाजवल्या.

मोकळे झालेले तीन खिळे तसेच राहिले. धाकटी मागे गेली, पातेलं उचललं आणि वाढायला लागली. थोरली दोनदा हाक मारून गेली, "छोटे, फोटोला ये." शेवटच्या पिंजऱ्यापाशी आल्यावर तिच्या हातात एक भांडं उरलं. ते तिने ओल्या फरशीवर ठेवलं आणि पाठ करून बसली.