बाजाराच्या दिवशीची गोळी

संधिवातावर एक गोळी देतात. आठवड्यातून एकदाच घ्यायची. तशी घेतली तर आखडलेली बोटं हळूहळू सुटतात. आठवड्यातून तीन-चारदा घेतली तर तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी संपत जातात आणि माणूस दगावतो. इतकी सरळ गोष्ट, पण ती समजावताना माझं डोकं फिरायचं. सोमवारी घ्या म्हटलं की लोक मान हलवतात आणि दारातून बाहेर पडेपर्यंत विसरतात. रोज वावरात राबणाऱ्या बाईला सोमवार काय आणि बुधवार काय.

म्हणून मी युक्ती काढली होती. घाटंजीजवळच्या एका आरोग्य केंद्रात मी अकरा वर्षं नर्स आहे. सांधेदुखीच्या रुग्णांची वही माझ्याकडे असते. इकडे वार विसरतील, पण बाजार कोणी विसरत नाही. मी सांगायची, "ज्या दिवशी बाजार, त्या दिवशी गोळी." झालं. वर्षभरात एकही रुग्ण चुकला नाही. डॉक्टरांनी बैठकीत सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, तेव्हा दोन दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मला शाबासकी फार आवडते. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

जमनीमावशी जवळच्या बंजारा तांड्यावरची. पन्नाशीची असेल. पहिल्यांदा आली तेव्हा नवऱ्यानं, धावजीकाकांनी, तिला गाडीवरून उचलून आत आणलं. दोन्ही हातांच्या मुठी झालेल्या. मनगटं सुजून टम्म. मी मूठ उघडायला गेले तर तिनं ओठ दाबून धरला.

"नवरा घास भरवते मले, बाई," ती खाली बघत म्हणाली. "सुनेसमोर लाज वाटते."

धावजीकाका लसूण-अद्रक विकायचे. आठवडाभर गावोगावचे बाजार करायचे. पूर्वी मावशी सोबत असायची, पण दुखणं लागल्यापासून ती घरात बसून होती. घाटंजीच्या बाजाराला तेवढी यायची, तेही आमच्याकडे दाखवायला. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातून तिची गोळी सुरू झाली आणि मी तिला माझं ठरलेलं वाक्य सांगितलं. कोमट पाण्यात हात बुडवून बोटं कशी एकेक सोडवायची ते शिकवलं. तिनं कंटाळा केला की मी रागवायची. माझं तोंड फटकळ आहे, पण मावशीला त्याचं काही वाटत नसे. उलट रागावले नाही तर विचारायची, "आज तब्येत बरी नाई का तुही?"

चौथ्या महिन्यात ती आपल्या पायांनी चालत आली. ओढणीच्या गाठीतून लसणाचा गड्डा काढला आणि माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर, अंगठ्यानं दाबून पाकळी पाकळी मोकळी केली.

"पाह्य," ती म्हणाली.

मला रडू आलं. अकरा वर्षांत मी रुग्णासमोर रडले ती तेवढी एकदाच. धावजीकाका दाराशी उभे राहून हसत होते.

"आता घरी बसू नको, मावशी," मी म्हणाले. "काकांसोबत सगळे बाजार कर. हात चालते राह्यले पाह्यजेत."

वारंवार खेटे नकोत म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या. महिन्यानं रक्त तपासायला ये म्हणाले, पण ते जाता जाता. ती आली नाही आणि मीही निरोप धाडला नाही. वहीत तिच्या नावापुढे "सुधारणा" लिहून मी खुशीत होते.

पाचव्या आठवड्यात काकांनी तिला पुन्हा उचलून आणलं. ओठ फाटलेले, जीभ सोललेली, अंगात ताप. दंडावर निळे डाग. सवयीप्रमाणे मी आधी रागावले. "काहून आली नाई रक्त तपासाले? गोळ्या कुठं आहेत, दाखव."

काकांनी पिशवी पालथी केली. सगळी पाकिटं रिकामी.

"मावशी, या तीन महिन्यांच्या होत्या. संपल्या कशा?"

"तू सांगतलं तशाच खाल्ल्या, बाई." तिला बोलवत नव्हतं. "बाजाराच्या दिवशी."

"कोणत्या बाजाराच्या?"

तिनं हात वर केला आणि एकेक बोट सरळ करत मोजलं. "घाटंजी. पारवा. पांढरकवडा. मोहदा." मग शाबासकी मागितल्यासारखं माझ्याकडे बघून म्हणाली, "एकबी बाजार चुकवला नाई मी."

एकच बाजार करत होती तोवर माझं वाक्य बरोबर होतं. तिचे हात सुटले, ती चार बाजार करू लागली, आणि तिथे जा म्हणून मीच सांगितलं होतं. सांगताना माझ्या तोंडचं ते पहिलं वाक्य मला आठवलं नाही.

ॲम्ब्युलन्स बोलावली. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, आठवड्याचा डोस आठवड्यातून चारदा घेतला आहे. फोन करूनही सांगितलं. यवतमाळला त्यांनी लगेच गोळीवरचा उतारा सुरू केला, रक्त चढवलं, करायचं ते सगळं केलं. मी दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला तिनं मला ओळखलं नाही. नवव्या दिवशी दुपारी ती गेली. धावजीकाकांना कोणीतरी एवढंच सांगितलं होतं की पेशी कमी झाल्या आणि इन्फेक्शन झालं.

"तू काही लपवलं नाई," माझ्यासोबतची वर्षा सिस्टर म्हणाली. "चिठ्ठीत लिवलं, फोन केला. आता त्या माणसाले सांगून कोणाचं भलं होणार हाय?"

मी तिच्यावर उखडले. दिवसभर दुसऱ्यांना रागावणारी मी, आणि मला कोणी एक शब्द बोलत नव्हतं. डॉक्टर उलट धीर देत होते. मला कोणीतरी शिव्या घालायला हव्या होत्या आणि तो हक्क एकाच माणसाचा होता.

तिचे दिवस-कार्य झाल्यावर मी तांड्यावर गेले. धावजीकाका अंगणात एकटेच बसले होते. मला बघून उठले, घरातून खुर्ची आणली, सुनेला चहा टाकायला सांगितला.

"तुमी होत्या म्हणून तिचे हात सुटले, बाई," ते म्हणाले. "शेवटचे दोन महिने सोताच्या हातानं जेवली. लय खुश होती."

ते ऐकून मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. गोळी आठवड्यातून एकदाच होती, माझं सांगणं अर्धवट होतं, मी तिला सगळे बाजार करायला लावले, रक्त तपासायला बोलावलं नाही. एका दमात बोलले आणि ते ओरडतील म्हणून मान खाली घालून थांबले.

ते ओरडले नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हंजे पारव्याले खाल्ली थे नव्हती घ्याची?"

"नाही, काका."

"पांढरकवड्याले बी नाई?"

"नाही."

"मोहद्याच्या बाजारात तोंड आलं होतं तिचं. पानी गिळवत नव्हतं. आज राहू दे म्हणे. मी म्हणलं, बाई रागावतीन. आज बाजार हाय, खाय."

वर्षाचं बोलणं मला तेव्हा कळलं. इतके दिवस त्यांच्यापुरती ती आजारानं गेली होती. माझं मन हलकं करायला मी आले आणि तेवढंही त्यांच्याकडून काढून घेतलं.

"काका, चूक माझी आहे," मी म्हणाले. "तुमची नाही. माझी आहे."

"तुमी त एकदाच सांगतलं, बाई," धावजीकाका म्हणाले. "दर बाजारात गोळीवर पानी पाजलं थे मीच."