वीतभर फीत

मी कॅसेट बोलतेय. जरा हळूच बोलते, कारण माझे पाचही स्क्रू काढून बशीत ठेवलेत आणि शेजारी कात्री आहे.

माझ्या पोटात साठ वादकांचा अख्खा वाद्यवृंद आहे. नाही तो फक्त पियानो. तो मुद्दामच वगळलाय. ज्यांच्या घरी पियानो आहे पण साठ माणसं नाहीत, त्यांनी मला लावून सराव करावा म्हणून माझा जन्म. मी मुळातच भित्री. उन्हाला भिते, लोहचुंबकाला भिते, आणि टेपरेकॉर्डरच्या त्या रबरी चाकाला तर फारच. शिवाय एकदा सुरू झाले की मला कोणासाठी थांबता येत नाही. वाजवणारा मागे राहिला तर राहिला.

पियानो शिकवणाऱ्या बाईंनी मला चष्मेवाल्यांच्या घरी आणलं. चष्म्यांच्या दुकानामागच्या खोलीत त्यांची लेक पियानो वाजवायची. बोटं इतकी चपळ की सगळे तिला भिंगरी म्हणत. "ही एकच आहे हं, जिवापाड जपा," असं बाई बजावून गेल्या.

आठवडाही झाला नसेल. भिंगरी शाळेत होती. बाबांना, म्हणजे चष्मेवाल्यांना, उगीच हुक्की आली आणि त्यांनी मला लावलं. डोळे मिटून छान डोलत होते. मध्ये एक लांब तुकडा आहे, तिथे पियानो गप्प असतो. पितळी वाद्यं तीनदा हाक देतात आणि मग पियानोने शिरायचं. पहिली हाक झाली, दुसरी सुरू झाली आणि चाकाने माझी फीत गिळली. मला वाटलं, संपलं सगळं.

बाबांनी घाबरून फीत ओढली. वीतभर तुकडा पार चुरगळला होता. बारीक कामाचा हात त्यांचा. त्यांनी तेवढा कापला, टोकं चिकटपट्टीने जोडली आणि तुकडा चष्म्याच्या जुन्या डबीत लपवला. मग पुन्हा ऐकलं. हाका दोनच आल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"कोणाला बोलू नकोस," ते मला म्हणाले. जशी काही मी बोलणारच होते!

सराव करत भिंगरी पियानो गप्प असतो त्या जागेपर्यंत पोचली ती महिन्याने. ती मोजत बसत नसे, कानावर भरवसा. दोन हाका ऐकायच्या आणि शिरायचं, हे तिच्या हातात पक्कं बसलं. स्वरांच्या वहीत तीन लिहिल्या होत्या, पण तिकडे बघतंय कोण? शिकवणीत बाई "हे ऑर्केस्ट्राचं, पुढे चल," म्हणून पान उलटायच्या. बाबा रोज दारात येत, तोंड उघडत आणि "चहा घेतेस का?" विचारून परत जात. असं वर्ष गेलं. मी रोज चुकीचंच शिकवत होते, आणि मला ते कळत होतं.

मग मैफलीसाठीच्या निवडीचा दिवस आला. खऱ्या वाद्यवृंदासोबत एकदाच वाजवायचं. चुकली की दुसरी मुलगी तयारच. बाबांनी मला शर्टाच्या खिशात घातलं. वाटेत सांगायचं ठरवून निघाले होते. बसमध्ये तीनदा घसा खाकरला, बस्स. त्यांचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं.

सभागृहात तो लांब तुकडा सुरू झाला. पहिली हाक. दुसरी. भिंगरीचे हात वर उचलले गेले.

"थांब!"

बाबा ओरडले होते. काडी हलवून वाद्यवृंद चालवणाऱ्या साहेबांनी काडी खाली केली आणि साठच्या साठ माणसं थांबली. असं थांबता येतं, हे मला तेव्हा कळलं.

"हाका तीन आहेत," बाबा उभे राहून म्हणाले. "तिची चूक नाही. फीत माझ्याकडून खराब झाली, मीच कापली. भीतीने बोललो नाही."

"कधी?" भिंगरीने विचारलं.

"वर्ष झालं."

साहेब म्हणाले, "चला, पुन्हा सुरुवातीपासून." या वेळी दुसऱ्या हाकेला तिचे हात सवयीने उचलले गेले, तसेच हवेत राहिले. तिसरी झाल्यावरच पट्ट्यांवर पडले.

तिची निवड झाली. पण आठ दिवस ती बाबांशी बोलली नाही आणि बाबा जेवणाच्या ताटावर नुसते बसून उठायचे. हिने आता बापाला कायमचं परकं केलं, या भीतीने मीही अर्धी झाले.

आज तिने ती डबी शोधून काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. "जोडा."

"चुरगळलीय गं. खरखरेल."

"खरखरू दे. मी दिवा धरते."

आता ती दिवा धरून बसलीय. बाबा डबीतला तुकडा बोटाने सपाट करतायत. माझी दोन्ही टोकं उघडी आहेत आणि मला मरणाची भीती वाटतेय. सावकाश घ्या, बाबा. आयुष्यात कोणासाठी थांबले नाही मी, आज तुमच्यासाठी थांबलेय.