ऑर्गन कुणासाठी वाजतो
चर्चच्या मंडळीच्या वार्षिक सभेत निवृत्त हेडमास्तर उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आपल्याकडे ऑर्गन देवासाठी वाजतो की वाजवणाऱ्या बाईंच्या हौसेसाठी, हे एकदा ठरवून टाका."

बाई दुसऱ्याच रांगेत होत्या. एकोणीस वर्षं त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होत्या. अंगात ताप असताना वाजवला, वडिलांच्या अंत्यविधीला दुसरं कुणी नव्हतं म्हणून तेव्हाही स्वतःच वाजवला. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. मागे कुणीतरी खुदकन हसलं. ते हसू कानात घेऊनच त्या घरी आल्या.

आठवडाभर धुसफूस चालली. बाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. हात हलका म्हणून लोक त्यांच्यासाठी थांबायचे, पण त्या आठवड्यात दोघातिघांनी कळवळून हात मागे ओढला. नवरा विषय सोडून दे म्हणाला, तर त्यालाच चार शब्द ऐकावे लागले. राजीनामा त्यांनी तीनदा लिहिला. पहिला चार पानी होता. त्यातलं दीड पान हेडमास्तरांच्या बेसूर आवाजावर. चर्चच्या पाळकसाहेबांनी तिसरा वाचून खिशात ठेवला आणि हेडमास्तरांच्या बोलण्यात खरं किती ते आधी बघा म्हणाले. म्हणजे हेही त्यांच्याच बाजूचे, असं बाईंनी मनात पक्कं केलं.

शनिवारी दुपारी भांडी आदळताना त्या सासूबाईंना म्हणाल्या, "आई, तुम्हीच सांगा. मी मिरवायला वाजवते का?"

सासूबाई मटार सोलत होत्या. सोलता सोलताच म्हणाल्या, "मिरवायला नाही गं. पण फार पळवतेस. तिसऱ्या कडव्याला माझा दम संपतो, मग मी नुसते ओठ हलवते. आमची सगळी रांगच हलवते."

"कधीपासून?"

"झाली दोनेक वर्षं. तुला लागेल म्हणून बोलले नाही."

बाई तडक चर्चमध्ये गेल्या. रिकाम्या बाकांसमोर रोजच्या वेगाने वाजवत स्वतः गाऊन पाहिलं. तिसऱ्या कडव्याला त्यांचाही श्वास पुरेना. त्याने राग निवला नाही, उलट दुप्पट झाला; हा माणूस खोटा ठरला असता तर किती बरं झालं असतं! दात आवळून त्यांनी त्याच्या भल्याची प्रार्थना केली, मनापासून नाहीच, आणि त्याचं घर गाठलं.

"सर, मी गीतं पळवते, हे खरं आहे. उद्यापासून सावकाश वाजवीन. पण मी कुणासाठी वाजवते हे तुम्हाला ठाऊक नाही, तरी तुम्ही ते भर सभेत सांगितलंत. चूक आधी मला एकटीला सांगायची होती. बायबलमधून तसंच शिकलोय ना आपण?"

हेडमास्तर चष्मा पुसत राहिले. वर्गात उभं करून बोलायची जुनी सवय, असं काहीसं पुटपुटले.

"मी तुमच्या वर्गात नाही, सर," म्हणून बाई चहा न घेता निघाल्या.

रविवारी गीतं सावकाश झाली. माणसांचा आवाज ऑर्गनच्या वर चढला, तो कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या सभेत हेडमास्तरांनी आपले शब्द मागे घेतले, अगदी हळू आवाजात. चिटणिसांना कमी ऐकू यायचं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं, तेही मोठ्याने. बाईंना त्याचा इतका आनंद झाला, की घरी जाऊन त्यांना देवाकडे त्या आनंदाचीच क्षमा मागावी लागली.