साठावा दिवस

“बरं आहे म्हणजे काय, काका?”

“बरं म्हणजे बरं! जेवतोय, बायकोशी भांडतोय.”

“भांडणाची नोंद माझ्याकडे होत नाही. जखमेतून पाणी येतं का? कपड्याला डाग? काकूंना बघून सांगायला सांगा. मी थांबते.”

सिस्टरने रिसीव्हर कानाशी धरून ठेवला. कुणीतरी जखम बघून आल्याशिवाय ती फोन सोडत नसे. साधं ऑपरेशन असेल तर तीस दिवस आणि शरीरात कृत्रिम सांधा किंवा धातूची पट्टी बसवली असेल तर नव्वद दिवस ती पेशंटचा पिच्छा पुरवायची. वॉर्डात तिला ‘चौकशी अधिकारी’ म्हणत.

काकांची जखम ठीक निघाली. फोन ठेवते न ठेवते तोच मोठ्या डॉक्टरांनी आत बोलावलं. टेबलावर तिच्या आईच्या चौकशीच्या नोंदींचा कागद होता. आईला जाऊन तीन आठवडे झाले होते.

“बसा. खुब्याचा सांधा बसवल्यावर साठाव्या दिवशी ‘जखम कोरडी’ अशी तुमचीच नोंद आहे. ताप आला अडुसष्टाव्या दिवशी. म्हणजे जंतू नंतर कुठून तरी आला, ऑपरेशनच्या वेळचा नाही. फाइल बंद करू. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण आईच्या ऑपरेशनच्याच दिवशी, त्याच ऑपरेशन थिएटरात आणखी चौघांचे सांधे बसवले होते; जंतू तिथला असला तर तो त्यांच्यातही असू शकत होता. त्यांचे नव्वद दिवस गेल्याच आठवड्यात भरले होते. आता त्यांना कुणी फोन करणार नव्हतं.

“डॉक्टर, ती नोंद खोटी आहे.”

“खोटी म्हणजे?”

“मी जखम बघितलीच नव्हती. विचारलंही नव्हतं. त्या दिवशी वीस फोन करायचे होते. म्हटलं, आई काय, घरातच आहे.”

अडुसष्टाव्या दिवशी आईची चादर बदलताना उशीच्या अभ्र्यात जुन्या कापडाच्या घड्या सापडल्या होत्या. पिवळट डागांच्या, काही धुऊन वाळवलेल्या.

“किती दिवस झाले गं?” तिने विचारलं होतं.

“झाले असतील पंधरा,” आई म्हणाली होती. “तू दिवसभर लोकांना तेच विचारून दमून येतेस. म्हटलं, घरी आणखी कशाला?”

हे तिने सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. आता सांगतानाही तिची नजर टेबलाच्या कडेवरून वर येईना.

डॉक्टरांनी कागद तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, “चौघांनाही आजच बोलावून घेऊ. फोन दुसऱ्या सिस्टर करतील. तुम्ही हा कागद दुरुस्त करा.”

खाडाखोड चालत नसे. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. तिने ‘कोरडी’वर रेघ ओढली. अक्षर तिचंच होतं, वळणदार, जराही घाई नसल्यासारखं.

पुढच्या रकान्यात छापलं होतं : रुग्णाशी कोण बोललं? खाली तिची सही होती. तिने त्या सहीवरही रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘कोणीही नाही.’