बाराव्या अंकातलं मरण

मुखपृष्ठ

कॉमिकच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर सहा जण धावत येतात आणि सगळ्यांच्या पुढे असतो गंज. अंगावर तांबडा लांब झगा, डोळ्यांत आग, हात पसरलेले, आणि त्याच्या बोटांच्या टोकांपासून एक लोखंडी पूल भुगा होऊन नदीत पडतोय.

गंज म्हणजे व्हर्नन टटल. त्याने असला झगा जन्मात घातला नव्हता. पूल मात्र खरा होता. १९७४ चा मार्च होता तो. थंडीने व्हर्ननचं नाक गळत होतं. लिओने चित्र काढताना तेवढं पुसून टाकलं.

आता, २०१९ साली, व्हर्नन पंच्याहत्तर वर्षांचा होता, मिसुरीतल्या टॅलो क्रीक तुरुंगात, अ‍ॅल्युमिनियमच्या दाराआड. लोखंडाला त्याने हात लावला की ते गंजून जायचं. अ‍ॅल्युमिनियम मात्र ढिम्म हलायचं नाही. पातेल्याच्या त्या फालतू धातूने आपल्याला अठ्ठेचाळीस वर्षं अडवून धरावं, ह्याचा त्याला शिक्षेपेक्षा जास्त राग होता.

बारा अंक त्याच्या उशाशी असायचे. अंक म्हणजे सुटी पानंच. पहिल्यांदा वाचायला घेतले तेव्हाच त्याच्या बोटांखाली पिना गंजून गळाल्या होत्या. नववा अंक पाचव्यात मिसळायचा, जाहिराती कुठल्याही कुठे जायच्या. पावसाळी हवेत त्या कागदाला जुन्या किराणा दुकानासारखा वास यायचा, आणि व्हर्नन कधी कधी नुसताच वास घेत बसायचा.


पान दोन, एकच मोठी चौकट

(चौकटीत: बंद गाडी, दोन बाकं, समोरासमोर बसलेले सहा कैदी.)

सरकारचा हिशेब साधा होता. जे काम सैन्याला सांगता येत नाही, पोलिसांना जमत नाही आणि झाल्यावर कबूलही करता येत नाही, ते ह्या सहांनी करायचं. एक मोहीम म्हणजे दोन वर्षं माफ. हा शब्द तोंडी दिलेला होता, कैद्यांच्या हाती कागद काहीच नव्हता.

आणि कुणी पाहिलंच तर? त्यासाठी कॉमिक होतं. ‘वाईट माणसं’ नावाचं, औषधांच्या दुकानातल्या फिरत्या मांडणीवर मिळणारं. प्रत्येक मोहिमेनंतर महिन्याभरात तिचा अंक निघायचा. मग एखादा म्हातारा सांगू लागला, की मी स्वतः पाहिलं, माणसाने हात लावला आणि पूल पडला, की त्याचा नातूच म्हणायचा, आजोबा, ते चित्रांच्या पुस्तकातलं आहे.

काढायचा लिओ. खोट्या नोटा छापल्याबद्दल आत आलेला माणूस, हात देवाचा. त्यालाही अंकामागे दोन वर्षं मिळायची.

गाडीत परतताना एक रिवाज होता. कुणी पाडला ते आठवत नाही. प्रत्येकाने आपलं सुटकेचं नवं साल मोठ्याने म्हणायचं.

“दोन हजार नऊ,” अकराव्या मोहिमेनंतर व्हर्नन म्हणाला.

“तोवर तूच गंजशील रे, गंजक्या,” समोरून ओडेसा म्हणाली. “ऐक माझं. एकोणीसशे सत्त्याऐंशी! माझी डेल्फीन पंधरा वर्षांची असेल. वेणी घालून देते म्हटलं तर हात झटकेल. पण मी घालणारच.”

ओडेसा मेबरी म्हणजे कॉमिकातली अंगाई. ती गुणगुणली की ऐकणारा झोपायचा. तिच्या गळ्याला सूर म्हणून नव्हता, तरीही झोपायचा. मोहिमेवर बाकीचे कानात मेण घालायचे. परतीच्या वाटेवर व्हर्नन एका कानातलं मेण मुद्दाम सैल करायचा, आणि ती ते ओळखून, खिडकीबाहेर बघत, हळूच गुणगुणायची. तेवढी झोप त्याला नंतर कधी लागली नाही.


जाहिरात

आरपार दिसणारा चष्मा! पाण्यात टाकताच जिवंत होणारे जलचर! सात दिवसांत पहिलवान! खालचं कूपन कापून पाठवा.

(बाराव्या अंकातलं कूपन कापलेलं आहे. ते व्हर्ननने कापलं होतं. चष्मा आलाच नाही.)


पान सहा

“भाषण नको,” नाओमी ब्रँट म्हणाली. सरकारने नेमून दिलेली वकील. तिशीही ओलांडली नव्हती. “मिस्टर टटल, माझ्याकडे बघा. उद्या सुनावणीत सुटकेचं मंडळ विचारेल तेवढ्याचंच उत्तर. तुम्हा लोकांना भाषणाची फार खोड असते.”

“आम्हा लोकांना म्हणजे?”

“खलनायकांना.”

व्हर्नन खूश झाला. फार दिवसांनी कुणीतरी त्याला त्या शब्दाने हाक मारली होती.

गोष्ट अशी होती, की मोहिमा चालवणाऱ्या खात्याची जुनी कागदपत्रं गेल्या वर्षी खुली झाली होती. त्यात पथकाबद्दल तीनच ओळी होत्या. असं पथक होतं, प्रत्येक मोहिमेला दोन वर्षं ठरली होती, आणि मोहिमांचा तपशील प्रकाशित अंकांत पाहावा. बस्स. म्हणजे सगळा पुरावा काय, तर मुलांची बारा पुस्तकं. बारा मोहिमा, चोवीस वर्षं. त्या हिशेबाने व्हर्नन २००७ सालीच सुटायला हवा होता.

“एकच अडचण आहे,” नाओमी म्हणाली. तिने बाराव्या अंकाचं शेवटचं पान समोर ठेवलं. धरणाच्या भिंतीवरून गंज खाली कोसळतोय, झगा पसरलेला, खाली खवळलेलं पाणी. “इथे तुम्ही मेलात.”

“छान काढलंय ना?”

“मिस्टर टटल! ते म्हणतील, अंकात गंज मेला, तर हा माणूस गंज नाही. किंवा अंकच खोटे, मग बाराही मोहिमा गेल्या. आपण म्हणायचं, शेवटचा प्रसंग तेवढा रंगवलेला होता. त्या दिवशी धरणावरून कुणीच पडलं नाही. ते विचारतील, कुणी पडलं होतं का? तुम्ही म्हणायचं, नाही. एक शब्द. संध्याकाळी तुम्ही बहिणीकडे.”

बहीण म्हणजे लॉरेन, मिशिगनला. वय एक्क्याऐंशी. तिने मागची खोली त्याच्यासाठी रिकामी केली होती. पलंग लाकडी, चमचे लाकडी, दाराच्या बिजागऱ्या पितळी. नळसुद्धा प्लास्टिकचा बसवून घेतला होता. फोनवर म्हणाली होती, “व्हर्न, घरात एक खिळा ठेवला नाही बघ. आता लवकर ये बाबा, मी काही फार दिवस थांबणार नाही.”

“एक शब्द,” व्हर्नन म्हणाला. “जमेल, पोरी.”


पान अठरा, जसं काढलं नाही तसं

केटल धरणावर १९८१ च्या मे महिन्यात, पहाट फुटताना, काय झालं ते असं.

नऊ माणसांनी धरणाचा ताबा घेतला होता. खाली गाव होतं. ओडेसा नियंत्रण खोलीबाहेरच्या लोखंडी पुलावर उभी राहून ध्वनिक्षेपकात गुणगुणत होती, आणि नऊही जण झोपले होते. ती थांबली की उठणार होते. अर्ध्या वर उचललेल्या दरवाजाची साखळी तोडायचं काम व्हर्ननचं. साखळी तुटली की दरवाजा खाली पडून पाणी अडणार होतं.

त्याने साखळीकडे हात नेला. मग त्याला दिसलं, की साखळी आणि तो पूल एकाच तुळईला जोडलेले आहेत. गंज वाहतो. लोखंडाला लोखंड भिडलं असलं, की तो थांबवता येत नाही.

“ओडेसा! पुलावरून उतर!”

तिच्या कानात मेण नव्हतं, तिला ऐकू आलं. तिने पायाखाली बघितलं, साखळीकडे बघितलं. ध्वनिक्षेपकाची वायर आखूड होती. बोलायचं तर गुणगुणणं थांबवावं लागणार होतं. म्हणून ती बोलली नाही. हात वर करून, स्वयंपाकघरातून पोराला हुसकावं तसा तिने तो दोनदा हलवला. कर. चल, कर.

त्याने केलं.

त्या दिवशी गाडीत कुणी साल म्हटलं नाही.

खात्याचा माणूस म्हणाला, कैदी मेली तर चौकशी लागते, ती पळून गेली असं होईल. लिओ डोकं धरून बसला. म्हणाला, “अरे, एवढा मोठा प्रसंग, आणि तिला काढायची नाही म्हणतात!” तेव्हा व्हर्नन बोलून गेला, “मग मला काढ. ते मरण मला दे.”

लिओने बघितलं त्याच्याकडे. “नक्की?”

“झगा पसरलेला हवा,” व्हर्नन म्हणाला.

प्रसंग निदान कागदावर तरी राहावा म्हणून तो तसं म्हणाला, की असलं मरण टोळीत दुसऱ्या कुणालाच आलं नव्हतं म्हणून त्याला त्याची हाव सुटली, हे त्याला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरच्या अडतीस वर्षांतही नाही. अंगाई त्या अंकात शेवटून दुसऱ्या चौकटीत कोपऱ्यातून चालत निघून जाते. पाठमोरी. लिओने तिच्या हातात कपड्यांची एक छोटी पेटीसुद्धा दिली होती.


वाचकांची पत्रं

तेरावा अंक निघाला नाही, त्यामुळे हे पत्र छापलं गेलं नाही. पत्रांचं पान लिओच लावायचा. त्याने ते व्हर्ननच्या हातात ठेवलं होतं.

‘संपादक, अंगाई अशी निघून जाणार नाही. ती मित्रांना सोडून जात नाही, मी सगळे अंक वाचलेत. माझी आईपण गुणगुणायची. ती पळून गेली असं सरकारने आजीला कळवलंय. अंगाई परत येणार का ते पुढच्या अंकात सांगा. डेल्फीन एम., वय ९, गॅरी, इंडियाना.’


पान एकोणीस

सुनावणी तुरुंगाच्या जेवणघरात होती. टेबलं पुसलेली, तरी काल रात्रीच्या बीन्सचा वास होताच. मंडळाच्या अध्यक्षा मिसेस हॅल्व्हर्सन मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक सदस्य. सरकारतर्फे मिस्टर क्रील. टेबलावर सुटी पानं, पारदर्शक पाकिटांत घालून नंबर दिलेली. व्हर्नन हातमोजे घालून बसला होता.

क्रीलने अपेक्षेप्रमाणे मेलेला गंज पुढे केला. नाओमीने अपेक्षेप्रमाणे उत्तर दिलं. मिसेस हॅल्व्हर्सननी चष्मा सरकवून ते पान बराच वेळ पाहिलं.

“लहानपणी माझ्या भावाकडे असायचे हे,” त्या म्हणाल्या. “बरं. मिस्टर टटल, मला वाटतं आपण इथवर एकमताचे आहोत. नोंदीसाठी एकच विचारते. त्या दिवशी धरणावरून प्रत्यक्षात कुणी पडलं होतं का?”

नाओमीचा हात त्याच्या कोपरावर होता.

व्हर्ननला लॉरेनचा प्लास्टिकचा नळ आठवला. मग ते पान दिसलं. झगा खरंच सुंदर काढला होता. लिओ मेल्याने हातसुद्धा वर काढला होता, पडता पडता वर केलेला एक हात. इतकी वर्षं व्हर्नन त्याला आपला पराक्रमाचा हात समजत होता. लिओ धरणावर नव्हता, त्याला ती खूण व्हर्ननने एकदाच सांगितली होती. कर. चल, कर. लिओने तोच हात काढला होता.

“हो,” व्हर्नन म्हणाला.

“मिस्टर टटल...” नाओमी.

“पडली. बाई पडली. पूल मी गंजवला, आणि ती पुलावर आहे हे मला दिसत होतं.” तो उभा राहिला. “भाषण करतो. एकच. नंतर पन्नास वर्षं गप्प बसतो.”

आणि त्याने केलं. वायर किती आखूड होती ते सांगितलं, मेण सांगितलं, पेटी खोटी होती ते सांगितलं. ‘ते मरण मी मागून घेतलं’ हेही सांगितलं.

शेवटी क्रीलने घसा साफ केला. “अध्यक्षमहोदया, अर्जदार एका कैद्याच्या मृत्यूला आपण कारण असल्याचं सांगतोय. हे आता ह्या मंडळापुरतं राहिलं नाही. चौकशी व्हायला हवी. दीड वर्ष, दोन वर्षं तरी.”

“माझ्या अशिलाचं वय पंच्याहत्तर आहे!” नाओमी म्हणाली.

“ते खोटं नाही,” मिसेस हॅल्व्हर्सन म्हणाल्या. त्यांनी पेन हातात घेतलं, पण टेकवलं नाही. “मिस्टर टटल, अजून लिहिलेलं नाही. दमला होतात, गोंधळलात, असं समजू शकते मी. हे नोंदीत घ्यायचं आहे का? नाव सांगावं लागेल.”

व्हर्नन गाडीतल्या बाकावर बसायचा तसा खाली बसला, ताठ, हात गुडघ्यांवर.

“ओडेसा मेबरी,” तो म्हणाला. “एकोणीसशे पंच्याऐंशी.”

“हे साल कसलं?”

“सुटकेचं. बारावी मोहीम धरून. तिची दोन वर्षं कुणी कापली नव्हती.”

त्यांनी लिहिलं. मग विचारलं, “आणि तुमचं?”

“दोन हजार सात.”

दाराशी नेताना पहारेकऱ्याने त्याच्या दंडाला धरलं, ते जरा हलकेच.


वाचकांची पत्रं, पुढे चालू

‘डेल्फीन एम. हिला,

तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर द्यायला अडतीस वर्षं लागली. आता तू आजीसुद्धा झाली असशील. अंगाई निघून गेली नाही. तुझं बरोबर होतं.

शेवटच्या पानावर जो पडतोय तो मी नाही. मला झगा कधीच नव्हता, आणि धरणावरून पडायची माझी छाती नाही. चेहरा माझा आहे, हात तुझ्या आईचा आहे. हात तेवढा बघ.

पूल मी पाडला. ते सगळं खाली लिहितो, आणि ते वाचून तुला जे म्हणायचं ते म्हण. आधी हे सांगतो, की ती पंच्याऐंशी साली सुटणार होती. तेव्हा तू तेरा वर्षांची असणार होतीस. तुझी वेणी घालायची, हे तिने गाडीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तू हात झटकलास तरी.’