खातं असेल, तर

कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचं, हे ठरवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आमची कंपनी दवाखान्यांसाठी वेबसाइट बनवते आणि त्यातलं लॉगिन माझ्याकडे असतं. ऑफिसात मला कुलूपबाई म्हणतात. मला कधी राग आला नाही, उलट आतून बरंच वाटायचं. संशय घेण्यात माझा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं.

लॉगिनचा पहिला नियम म्हणजे अनोळखी माणसाला ताकास तूर लागू द्यायची नाही. कुणी ईमेल टाकला आणि तो आपल्याकडे नोंदलेला नसला, तरी तसं सांगायचं नाही. सांगितलं, तर कुणाचं माणूस दवाखान्यात आहे नि कुणाचं नाही, हे चोराला घरबसल्या कळतं. म्हणून ईमेल खरा असो की खोटा, उत्तर एकच: ‘या ईमेलवर खातं असेल, तर लॉगिनची लिंक पाठवली आहे.’ हे वाक्य माझं. साहेबांना नुसतं ‘लिंक पाठवली आहे’ हवं होतं. मी त्यांच्याशी अर्धा तास हुज्जत घातली. म्हटलं, लिंक पाठवलीच नसेल तर खोटं का बोलायचं? ‘असेल, तर’ राहिलं.

त्या वाक्यामुळे माझ्या आईची आणि बाबांची शेवटची भेट झाली नाही. वाक्यामुळे आणि माझ्यामुळे.

बाबांचं पित्ताशयाचं साधं ऑपरेशन होतं. त्यांनी मुद्दाम तोच दवाखाना निवडला, आणि काउंटरवरच्या मुलीला ऐकवलंही, “हे तुमचं लॉगिन आहे ना, ते आमच्या लेकीनं केलंय.” भेटायला येणाऱ्यांची नावं आणि ईमेल पेशंटने आधी द्यायचे, मग त्या माणसाने लॉगिन करून रोजचा पास काढायचा आणि गेटवर दाखवायचा. पास नाही तर भेट नाही.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी दोघांचं वाजलं. आईचं जुनं शिलाई मशीन बाबांनी तिला न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं. आमच्या घरी रुसवा फोनवर निघत नाही, समोर येऊनच निघतो. जास्तीत जास्त तीन दिवस चालतो. मला त्याची इतकी सवय, की मंगळवारी बाबा फोनवर म्हणाले, “तुझी आई आली नाही गं. अजून फुगलीय वाटतं,” तेव्हा मी हसले.

“बरी अद्दल घडतेय तुम्हाला,” मी म्हटलं.

“घडू दे. पण येईल ना?”

“न येऊन जाईल कुठे?”

मग आईला फोन केला. “गेली नाहीस?” विचारलं तर म्हणाली, “जाईन की. तू तुझं काम कर.” आवाज तुटक होता. मी म्हटलं, रुसवाच आहे, दुसरं काय. माझा येत्या शनिवारचा पास निघाला होता, लिंक दोन सेकंदांत आली होती. मी माझं काम केलं.

गुरुवारी सकाळी ते काम असं होतं. स्क्रीनवर एक ओळ लाल झाली होती. एकाच इंटरनेट जोडणीवरून, एकाच ईमेलसाठी, दोन दिवसांत एकेचाळीस वेळा लिंक मागितली गेली होती आणि त्या ईमेलचं खातंच नव्हतं. ईमेल आम्हालाही दिसत नाही, त्याच्या जागी अगम्य अक्षरं दिसतात. ती खबरदारीसुद्धा मीच घेतलेली. एकेचाळीस वेळा कोण मागतं? चोरच. मी ती जोडणी बंद केली. आता तिथून पान उघडलं की एवढंच दिसणार होतं: ‘तुमचा प्रवेश बंद करण्यात आला आहे.’ कारण द्यायचं नाही, हाही नियमच. साहेब म्हणाले, “शाब्बास कुलूपबाई.” मी चहा मागवला.

शुक्रवारी सकाळी बाबांचं हृदय थांबलं. नर्स नाश्ता घेऊन गेली, तेव्हा ते गेलेले होते.

सगळं उरकल्यावर, चौथ्या दिवशी, दवाखान्याचे कागद डाउनलोड करायला मी आईचा फोन हातात घेतला. दवाखान्याचं पान उघडलं आणि माझंच वाक्य माझ्याकडे बघत होतं. ‘तुमचा प्रवेश बंद करण्यात आला आहे.’

मी बाबांच्या सामानातली फाइल काढली. पहिल्याच पानावर त्यांच्या तिरक्या अक्षरात भेटीला येणाऱ्यांची नावं होती. एक, पत्नी. दोन, मुलगी. आईच्या नावापुढे ईमेल लिहिला होता तो जुना, पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच तिला उघडून दिलेला. त्याचा पासवर्ड ती केव्हाच विसरली होती आणि मीच तिला नवीन काढून दिला होता. बाबांना ते सांगायचं कुणाला सुचलं नाही. आई नवा ईमेल टाकत होती, आणि माझं लॉगिन तिला न हो म्हणत होतं, न नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर नव्हताच.

आई स्वयंपाकघरात डबे पुसत होती. पुसलेलेच पुन्हा पुसत होती.

“आई, तू मला का नाही सांगितलंस, लिंक येत नाही म्हणून?”

तिने मान वर केली नाही. “काय सांगणार? तिथे स्वच्छ लिहिलं होतं. खातं असेल, तर. म्हणजे माझं नव्हतं. ह्यांनी माझं नाव दिलंच नव्हतं.”

“आई...”

“गेटपर्यंत गेले होते मी दोनदा. तिथला वॉचमन म्हणाला, नाव दिलं असेल तर पास येतोच. आता परक्या माणसाला काय विचारू, नवऱ्यानं माझं नाव दिलंय का बघा म्हणून? आणि तुला तरी कुठल्या तोंडानं सांगू? मग म्हटलं, राग उतरेल, देतील नाव. तासातासानं बघत होते. तर गुरुवारी प्रवेशच बंद केला.” तिने फडकं पिळलं. “एवढं काय बोलले होते गं मी त्यांना? मशीनवरून तर बोलले.”

गप्प राहावं, असं मला वाटलं. खरंच वाटलं. तिला माझ्याकडून काही कळलं नसतं. पण मग उरलेलं सगळं आयुष्य ती नवऱ्याने आपलं नाव गाळलं असं समजून काढणार होती.

मी फाइल तिच्यापुढे ठेवली. सगळं सांगितलं: जुना ईमेल, एकेचाळीस वेळा, लाल ओळ. “बंद बाबांनी नाही केलं, आई. मी केलं. तू आहेस हे मला माहीत नव्हतं.”

तिने चष्मा लावला. पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचलं, एक, पत्नी, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, बरं झालं सांगितलं. “पहिलं माझंच नाव आहे,” ती म्हणाली. “बघ, तुझ्याही आधी.”

“हो.”

“म्हणजे ते वाट बघत होते?”

भेटीची वेळ झाली, चार वाजले, की बाबा केस विंचरून दाराकडे तोंड करून बसत, हे नर्सने मला सांगितलं होतं. खोटं बोलणं मला तेव्हाही जमलं नाही. “हो,” मी म्हटलं, “रोज.”

ती खुर्चीवर बसली. मला वाटलं, आता मला बोलेल. तिने बोलावं, मारावं, असं मला फार वाटत होतं. पण मी तिच्या ध्यानीमनीही नव्हते. ती त्या कागदाकडेच बघत राहिली.

“त्यांना वाटलं असेल, मी रुसलेय म्हणून येत नाही,” ती म्हणाली. “मी रुसले नव्हते गं. पहिल्याच दिवशी राग गेला होता माझा. हे त्यांना आता कोण सांगणार?”