झाकण लावलेलंच आहे

मशीन चालवणाऱ्या पीएलसी नावाच्या त्या डब्याने माझं डोकं इतकं फिरवलं होतं की घरी कुकरची शिट्टी झाली तरी मी विचारात पडायची, हा इनपुट की आउटपुट? नवरा हसायचा. हसू दे. त्याच्या दुकानात एक तराजू, तोही शेजारच्याने लावून दिलेला.

आमचा कारखाना शहपुऱ्याच्या रस्त्यावर, गोठवलेल्या मटारचा. मी पॅकिंगला होते. आयटीआयचं इलेक्ट्रिशियनचं सर्टिफिकेट लग्नानंतर ट्रंकेतच पडून होतं. ऐन हंगामाच्या तोंडावर मशीनचं पॅनल सांभाळणारा नोकरी सोडून गेला, तेव्हा मीच सेठजींपुढे जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, “सीज़न ठीक से निकाल दो विनताजी, पैनल आपका. लाइन अटकी, तो अधारताल वाला आदमी तैयार बैठा है.” मला ते पॅनल हवं होतं. अगदी जीव जाईल इतकं हवं होतं, खोटं कशाला बोलू?

शिकवायला मशीनच्या कंपनीचे अच्युत सर आले. आमच्याच जबलपुरातले, पण बोलणं असं सुसाट की ऐकणाऱ्याला धाप लागावी. लॅपटॉपवर शिडीसारखं चित्र दाखवून म्हणाले, “पायरीवरच्या सगळ्या अटी जुळल्या की मटारचा पट्टा चालतो. पाणी हवं, मोटर गरम नको, रोलरवरचं झाकण लागलेलं हवं. झाकण लागलं की एक, उघडलं की शून्य. समजलं नं?” मी मान डोलावली. न समजता मान डोलावणं हा माझा जुना रोग. शून्याचा एक का होतो आणि एक झाल्यावर स्क्रीनवरची चौकट हिरवी का होते, हे मला आठवडाभर उमगलं नाही. सरांनी शिकवलं तेव्हा हंगाम लागायचा होता. पट्ट्यावर मटारही नव्हता आणि बायकाही नव्हत्या.

बायका आल्या आणि रोलरपाशी भानुमतीकाकू उभी राहिली. आमच्या गल्लीतलीच, मला या कारखान्यात चिकटवलं तेही तिनेच. बायकांसाठी पट्टा थांबवायचं बटण दूर खांबावर होतं, तिथवर कोण जातं! रोलरमध्ये वेल अडकला की काकू कोपराने झाकण वर करायची, पट्टा थांबायचा, ती बोटांनी वेल ओढून काढायची आणि झाकण टाकायची. पट्टा पुन्हा सुरू. एवढ्यात तिच्या सुनेची गोष्ट एका शब्दानेही अडत नसे. सगळ्याच बायका असं करत.

आणि त्या दिवशी पट्टा बंदच पडला. दारात मटारच्या गाड्या उभ्या, ढिगात ऊब धरायला लागलेली, सेठजी माझ्या मानेवर श्वास टाकून राहिलेले. लॅपटॉपवर बघते तर सगळं हिरवं, फक्त झाकणाची चौकट कोरी. मी जाऊन झाकण दाबलं, उचललं, पुन्हा आदळलं. झाकण लागलेलं होतं आणि मशीन म्हणत होतं उघडं आहे. डोळ्यांवर विश्वास ठेवावा की चौकटीवर, काही कळेना. आंधळ्या कोशिंबिरीत राज्य आल्यासारखी मी पॅनल ते पट्टा, पट्टा ते पॅनल फिरत होते.

शेवटी सरांना फोन लावला.

“झाकण लागलंय नं?” सरांनी विचारलं.

“लागलंय सर, मी हातानं पाहून राहिली.”

“मग झाकणाचा स्विच गेला असेल. तो इनपुट फोर्स करा, एक करून टाका. म्हणजे पीएलसीला वाटेल झाकण लावलेलंच आहे. संध्याकाळी स्विच बदलू.”

मी फोर्स केला. चौकट हिरवी झाली आणि पट्टा असा सुरू झाला की बायकांनी टाळ्या वाजवल्या. सेठजी म्हणाले, “वाह, इंजीनियर साहिबा!” मला इतका आनंद झाला की कान गरम झाले. पॅनल माझं झालं होतं.

मी खुर्चीत टेकले आणि ऐटीत स्क्रीन बघत बसले. झाकणाची चौकट हिरवी. हिरवीच. काहीतरी खटकत होतं, पण काय ते हाती लागेना. रोज ती चौकट सारखी मिचमिचायची. आज का नाही? बिघडली? पण हिरवं म्हणजे तर चांगलं. की नाही? झाकण लागलं की एक, उघडलं की... उघडलं तरी एकच!

मी वर पाहिलं. काकूने कोपराने झाकण उचललेलं, मान शेजारणीकडे, तोंड चालू, आणि हात रोलरकडे निघालेला. रोलर फिरत होता. पॅनलवरच्या मोठ्या लाल बटणावर दोन्ही हात आपटले. ते बटण प्रोग्रामला विचारत नाही, सरळ पट्ट्याची वीज तोडतं. पट्टा थांबला आणि काकूची बोटं रोलरवर पोचली.

तिला काहीच वेगळं वाटलं नाही. झाकण उचललं, पट्टा थांबला, रोजच्यासारखं. तिने वेल ओढला, झाकण टाकलं आणि वाट बघत उभी राहिली.

“काहून बंद पडली व आता?” ती ओरडली.

सेठजी धावत आले. “किसने बंद किया?”

“मैंने.”

“अभी तो चली थी! क्यों?”

शिडी, पायरी, एक, शून्य, सगळं तोंडात एकदम आलं आणि हिंदी-मराठी दोन्ही बंद पडल्या. लॅपटॉपवर फोर्स तेवढा काढून टाकला. चौकट पुन्हा कोरी झाली.

“स्विच बदले बिना नहीं चलेगी,” एवढंच बोलले.

सेठजींनी एकदा गाड्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि खिशातून फोन काढला. अधारतालच्या माणसाचं नाव मला ऐकू आलं. ऐकू येऊ दे, म्हटलं. मी पट्ट्यापाशी गेले आणि काकूचा हात धरला. ओला, थंडगार, नखांत हिरवं साल. पाची बोटं चाचपून पाहिली.

“कायले धरून राहिली?” काकू वैतागली. “आधी नीट शीक न पोरी, मग मशीनले हात लाव. बिचाऱ्या सेठजीचा माल सडून राहिला. सोड, काम पडलंय.”

मी हात सोडला नाही.